शेपटी नाही, स्पॉयलर

माझं धान्य पाखडायचं सूप मी शेवटचं पाहिलं ते एका विलायती मोटारीच्या ढुंगणावर. स्क्रू मारून पक्कं बसवलेलं होतं आणि त्याला हिरवा ऑइलपेंट दिलेला होता. सकाळी तांदूळ पाखडायला म्हणून खुंटीकडे हात नेला तर खुंटी रिकामी. अंगणात येऊन बघते तर शेजारचे खंडारे सर गाडीमागे उकिडवे बसून सुपाच्या काठावरून बोट फिरवत होते, नव्या पातळाच्या काठावरून फिरवावं तसं. माझ्याकडे न बघताच म्हणाले, "बाई, याचा बाक पाहा तुमी. असा बाक विलायतेत बी नाई भेटत."

मी काही बोलायच्या आत त्यांनी मला समजावून दिलं की सूप म्हणजे तरी काय, हवेला वळण देणारी वस्तू. मग ते स्वयंपाकघरात असलं काय आणि गाडीवर असलं काय, त्याचा धर्म एकच. आता मी विज्ञान शिकवणारी बाई. सकाळच्या चहाआधी एका चित्रकलेच्या मास्तराकडून हवेचा धर्म ऐकून घ्यायची माझी तयारी नसते. मी सूप परत मागितलं. रंग वाळू द्या, म्हणाले. तो रंग वाळला की नाही ते मला आजतागायत कळलेलं नाही.

सत्तर सालानंतरच्या वर्षांतली ही गोष्ट. कारंजा तेव्हा अकोला जिल्ह्यात होतं. तिथल्या एका हायस्कुलात खंडारे सर चित्रकला शिकवायचे आणि मी विज्ञान. आमच्या घरांची भिंत एक, अंगण एक, आणि त्या अंगणात त्यांची ती गाडी, त्यामुळे मला वाळवणाला जागा नाही. सर उंच, काटकुळे, शर्टाच्या खिशात खडूंच्या जोडीला नेहमी दोनचार नटबोल्ट. चालताना खुळखुळायचे. वर्गात पोरांना सर येताना आधी ऐकू यायचे, मग दिसायचे.

गाडी त्यांना मिळाली तीही सरळ मार्गाने नाही. गावात एक कापसाची जिनिंग होती, तिच्या शेटजींना आपल्या वडिलांचं तैलचित्र करून हवं होतं. सरांनी ते केलं, आणि खरं सांगायचं तर उत्तम केलं. फक्त थोरल्या शेटजींच्या मिशा त्यांनी थोड्या जास्त भरघोस काढल्या, आणि तेच शेटजींना सर्वांत आवडलं. मोबदला काय देऊ, असं त्यांनी विचारलं तेव्हा सरांनी सरकीच्या गोदामाकडे बोट दाखवलं. तिथे शेटजींच्या मुलाने हौसेने आणलेली आणि परदेशी जाताना टाकून दिलेली एक जुनी इंग्रजी मोटार उभी होती. दोनच माणसं बसतील एवढी, बुटकी, समोर दोन गोल डोळे, चाकांना सायकलसारख्या तारा. कापडी टप उंदरांनी खाल्लेला, आणि बसायच्या जागी कोंबड्या अंडी घालायच्या. शेटजींना वाटलं सर गंमत करताहेत. सर दुसऱ्या दिवशी बैलजोडी घेऊन आले आणि गाडी ओढत घरी नेली. गावाने तिचं नाव बेडकी ठेवलं. सर तिला नुसतं "इंग्लिश" म्हणायचे. "इंग्लिशले आज ताप हाय," असं म्हणत ते उशिरा शाळेत आले की नवे हेडमास्तर त्यांच्या तोंडाकडे बघत राहायचे.

गाडी चालू झाली तिथवर सगळं सोसण्यासारखं होतं. माणसाला नाद असतो. कोणी कबुतरं पाळतो, कोणी वकिलांच्या मागे लागून भाऊबंदकी पाळतो. पण गाडीच्या सीटखाली सरांना शेटजींच्या मुलाची विलायती मासिकं सापडली, आणि त्यांतल्या एका पानावर अशाच गाडीचं चित्र होतं. फरक एवढाच, की त्या गाडीच्या मागच्या कडेला एक आडवी पट्टी वर उचललेली होती, बदकाच्या शेपटीसारखी. ते पान सरांनी कापून भिंतीवर लावलं, त्यांनीच रंगवलेल्या बुद्धाच्या चित्राशेजारी. त्या दिवसापासून आमच्या आळीची शांती गेली.

त्या वस्तूला स्पॉयलर म्हणतात हे आम्हाला सरांकडूनच कळलं. गाव शेपटी म्हणायचं. सरांना शेपटी म्हटलेलं खपायचं नाही. गाडी बघायला कोणी आलं आणि म्हणालं, वा सर, शेपटी मस्त बसवली, की सर हातातला पाना खाली ठेवून त्याला सांगायचे, शेपटी नाई, स्पॉयलर. हेडमास्तर गावंडे इंग्रजी शिकवायचे. त्यांनी स्टाफरूममध्ये सगळ्यांसमोर सांगितलं की स्पॉइल म्हणजे नासवणे, तेव्हा स्पॉयलर म्हणजे नासवणारा, आणि हे नाव वस्तूपेक्षा ती बसवणाऱ्याला जास्त शोभतं. सर शांतपणे म्हणाले, "हवेले नासवते सर, गाडीले नाई."

हवा हा त्यांचा ठरलेला विषय. कुठूनही सुरुवात करा, ते हवेवर यायचे. "समोरची हवा इमानदार राह्यते बाई," ते मला अंगणातून ओरडून सांगायचे, मी वह्या तपासत असायची. "तोंडावर येते, सांगून येते. मागची हवा बेमान." मग मी एकदा वैतागून त्यांना शास्त्र सांगितलं. गाडी हवेला बाजूला सारत पुढे जाते, मागे पोकळी राहते, ती भरायला हवा उलट फिरून गाडीत शिरते. यात बेइमानी कसली, हा निसर्गनियम आहे. आणि तुमचा तो स्पॉयलर आहे तो ताशी शंभर मैलांनी पळणाऱ्या गाड्यांसाठी, मागची चाकं जमिनीला दाबून ठेवायला. कारंज्यातून मंगरूळपिराकडे जाताना बैलगाड्या, शेळ्या आणि एसटी यांच्यामधून तुम्हाला पंचवीसच्या वर जाता येत नाही. तर तुम्हाला त्याचा उपयोग शून्य. सरांनी सगळं नीट ऐकून घेतलं. मग विचारलं, "ते पोकळीचं पुन्हा सांगा बरं." मी पुन्हा सांगितलं. ते निघून गेले आणि संध्याकाळी गाडीच्या अंगावर जागोजाग खळ लावून कापसाच्या वाती चिकटवून आले. हवा कुठून कुठे जाते ते बघायला. गाडी गावातून गेली तेव्हा ती अंगावर पिसं फुटलेल्या आजारी कोंबडीसारखी दिसत होती.

पहिला स्पॉयलर डालड्याच्या डब्यांचे पत्रे कापून केलेला. तो इतका वाजायचा की बाजाराच्या दिवशी एका कापसाच्या गाडीचे बैल बुजले आणि गाडी सरळ नाल्यात उतरली. गाडीवाल्याने सरांना ज्या शब्दांत हाक मारली ते इथे लिहिता येत नाहीत. सर नाल्यात उतरले, कापसाचं बोचकं उचलायला हात दिला, आणि गाडीवाला दम खात होता तेवढ्यात त्यालाच विचारलं की मागून बघताना पत्र्याखालची धूळ कोणीकडे वळत होती. त्या माणसाने नुसते हात जोडले.

दुसरा स्पॉयलर म्हणजे माझं सूप. ते सांगून झालं आहे.

तिसरा सागवानी फळीचा. फळी शाळेच्या जुन्या स्टेजची होती आणि ती गेल्याचं स्नेहसंमेलनात कळलं, नाटकातला पोलीस पाटील त्या जागी गुडघ्यापर्यंत आत गेला तेव्हा. वैशाख पौर्णिमेला सरांच्या जुन्या वस्तीत मिरवणूक निघाली, तेव्हा गाडी पुढे घालून तिथल्या जाणत्या माणसांनी बुद्धाचं चित्र त्या फळीला टेकवून उभं केलं. फळीचा तेवढा एक उपयोग मी डोळ्यांनी पाहिला. सरांना मात्र ते फारसं रुचलेलं दिसलं नाही. मिरवणूक पायी चालणाऱ्यांची, तिच्यात हवेचा काय अंदाज येणार.

गाडीवर तीच फळी असताना हेडमास्तरांना मानोऱ्याला एका समारंभाला जायचं होतं आणि एसटी चुकली होती. सरांनी आग्रहाने त्यांना गाडीत घेतलं. वाटेत हेडमास्तरांची टोपी उडाली. आता उघड्या गाडीत टोपी उडाली तर मागे जाईल ना. ती पुढे गेली. मागून हवा आली, तिने हेडमास्तरांच्या टाळूवर चापट मारली आणि टोपी काचेवरून पुढे जाऊन एका म्हशीसमोर पडली. हेडमास्तर टोपी शोधत होते आणि सर रस्त्यात उभं राहून त्यांना सांगत होते की पाहा, आली ना मागून, मी सांगतच होतो. मानोऱ्याला हेडमास्तर उघड्या डोक्याने, धुळीने पांढऱ्या भुवया घेऊन स्टेजवर बसले. भुवया मुळात काळ्या होत्या.

या सगळ्याचा परिणाम व्हायचा तो झाला. बाहेरून चित्रकलेच्या परीक्षेचे परीक्षक आले. विषय होता आठवडी बाजार. आमच्या पोरांनी सुंदर बाजार काढले. भाजीवाल्या, बांगडीवाला, झाडाखाली बैलगाड्या. आणि प्रत्येक बैलगाडीच्या मागे वर उचललेली एक हिरवी फळी. परीक्षकांनी विचारलं, हा या भागातला काही रिवाज आहे का. हेडमास्तरांनी माझ्याकडे पाहिलं. दरवेळी ते माझ्याकडेच बघायचे. शेजारी राहते म्हणजे जणू मी त्या माणसाची जामीनदार.

आता माझ्या स्वतःच्या हालांविषयी. मला शिंकांचा त्रास आहे. खडूचा कण नाकात गेला तरी एकामागून एक सुरू होतात, आणि कारंज्यासारख्या कापसाच्या गावात दिवाळीनंतर हवेतच कापूस असतो. पोरं मला पाठीमागे शिंकोबाई म्हणायची. असं असताना खंडारे सर दर नव्या स्पॉयलरनंतर मलाच गाडीतून चक्कर मारायला बोलवायचे. आणि जायचं कुठे, तर जिनिंगमागच्या बैलगाड्यांच्या गाडरस्त्याने. तिथे घोट्याएवढा धुळीचा फुफाटा. गावात चांगली डांबरी सडक असताना हा माणूस फुफाट्यात गाडी घालतो कशाला, ते मला कळायचं नाही. मी एकटी राहणारी बाई, दुसऱ्याच्या नवऱ्याशेजारी उघड्या गाडीत बसून गावातून जाते म्हणजे लोक काय म्हणतील, हेही मी सांगून पाहिलं. तर खंडारे वहिनीच दारात उभ्या राहून म्हणायच्या, "जा ना बाई, बसा. हवा लागते थोडी." मग मी बसायची. परत येईपर्यंत केसांपासून चपलांपर्यंत पिवळी झालेली असायची. आणि उतरल्या उतरल्या सर विचारायचे, "शिंक आली काय?"

मी शिंकतच असायची. उत्तर द्यायची गरज नसायची. सर मान हलवायचे, गाडीमागे जायचे आणि स्क्रू काढायला लागायचे. दुसरा कोणी असता तर पाणी आणून दिलं असतं.

वहिनींविषयी सांगायचं राहिलं. ठेंगण्या, गोऱ्या, सदा हसऱ्या, आणि दम्याने बेजार. मुलगा नागपूरला शिकायला, घरात ही दोघंच. हिवाळ्यात वहिनींचा श्वास भिंतीपलीकडून मला ऐकू यायचा. त्यांचं माहेर आसेगावचं. तिथे त्यांची आई होती, मांडीचं हाड मोडल्यापासून खाटेवर. आसेगावचं कोणी बाजाराला आलं की निरोप आणायचं की म्हातारी विचारते, सुमन कधी येते. वहिनी हसून सांगायच्या, येते म्हणा लवकर. पण जाणार कशा. मंगरूळपिरापर्यंत डांबरी, पुढे कच्चा रस्ता, आणि एसटी म्हणजे वरून बंद, आतून गच्च आणि खालून धूळ. एकदा गेल्या होत्या तेव्हा अर्ध्या वाटेत छाती अशी भरली की गाडी थांबवून त्यांना झाडाखाली निजवावं लागलं, आणि तिथूनच परत आणलं. पावसाळ्यात धूळ नसते, पण मग काळ्या मातीचा चिखल असा की बैलाचा पाय निघत नाही, आणि मधला नाला वाट देत नाही. त्यामुळे काही वर्षं झाली, वहिनींनी आई पाहिली नव्हती.

हे सगळं डोळ्यांसमोर असताना खंडारे सरांना अंगणात फळ्या घासताना पाहिलं की माझं डोकं भणभणायचं. बायको आत उशा रचून बसून रात्र काढते, आणि नवरा गाडीच्या शेपटीला पॉलिश करतो. मी वहिनींपाशी एकदोनदा हे बोलून दाखवलं. त्या म्हणाल्या, "करू द्या बाई. मान्साले काई तरी लागते." त्यांचा हा सोशिकपणा मला आणखी चिडवायचा.

त्या वर्षीच्या थंडीत आसेगावहून वहिनींचा भाऊ आला. तुरीच्या शेंगा घेऊन आला होता, पण बोलताना त्याची नजर खाली होती. म्हातारी आता माणसं ओळखते, पण डोळ्यांनी नाही, आवाजाने. आणि खाणं कमी झालं आहे. तो गेल्यावर वहिनी पुष्कळ वेळ शेंगा सोलत बसल्या. सर घरात गेले, बाहेर आले, आणि हातात जेवायला बसायचा पाट. घरात पाहुण्यांसाठी ठेवलेला चांगला शिसवी पाट होता तो. मी बघत होते. त्यांनी तो गाडीच्या पाठीवर मागच्या कडेला तिरका धरला, इकडून बघितला, तिकडून बघितला, आणि गिरमिट आणायला गेले.

त्या दिवशी मी काही बोलले नाही, कारण बोलले असते तर फार बोलले असते. पण रविवारी सकाळी सर दारात येऊन उभे राहिले, चला बाई म्हणाले, तेव्हा मी मुद्दाम गेले. गाडीत त्यांना उठून पळता येणार नव्हतं.

गाडरस्ता सुरू झाला आणि मीही सुरू झाले. सगळं सांगितलं. सुपापासून स्टेजपर्यंतचं तर सांगितलंच, पण वहिनींचंही सांगितलं. बायकोची आई तिकडे मरणाच्या दारात आहे आणि तुम्ही घरातला पाट मोटारीला बसवता. ती बाई बोलत नाही म्हणून तिला काही वाटत नाही असं समजू नका. एवढी अक्कल आणि एवढे हात एखाद्या उपयोगाच्या कामाला लावले असते तर आतापावेतो काहीतरी झालं असतं. सर समोर बघत गाडी हाकत होते. फुफाटा चाकांखालून उठत होता, मागे लोटासारखा जात होता. जिनिंगची भिंत संपली, ओढा गेला, तरी माझं बोलणं संपलं नव्हतं.

सरांनी गाडी थांबवली. इंजिन बंद केलं. मला वाटलं आता चिडले.

"बाई," ते म्हणाले, "शिंक आली काय?"

मी नाकाला हात लावून पाहिला. शिंक आली नव्हती. एवढा वेळ मी बोलत होते, तोंड उघडं टाकून, त्या फुफाट्यात, आणि एकही शिंक आली नव्हती. मी पदर पाहिला. तो थोडा मळला होता, पण पिवळा नव्हता.

सर खाली उतरले. मागे जाऊन पाटाला हात लावून उभे राहिले. पाटाखालच्या दोन पट्ट्या त्यांनी तशाच ठेवल्या होत्या, त्यामुळे पाट आणि गाडीची पाठ यांच्यात फट राहिली होती. म्हणाले, फळी नुसती उभी केली की हवा तिच्यावरून उडी मारून पुन्हा आत यायची. फट ठेवली तं थोडी हवा खालून जाते, अन् चाकाची धूळ संग घेऊन जाते. पोकळीचं तुमीच सांगतलं होतं. मी गाडीत बसून होते. रस्त्याने एक बाई डोक्यावर कापसाच्या पराट्यांचा भारा घेऊन जात होती, तीही थांबून बघायला लागली की झालं काय.

"टप शिवून पाह्यला होता," सर म्हणाले. "पन बंद जाग्यात तिचा जीव घाबरते. उघडी नेली तं धूळ. म्हनून तुमाले बसवत होतो. तुमाले धूळ लवकर समजते." ते पुढे येऊन पुन्हा चाकामागे बसले. "आता सुमनले नेतो."

मी विज्ञानाची पदवीधर बाई, आणि दोन वर्षं या माणसाने मला धूळ मोजायचं यंत्र म्हणून वापरलं होतं. खरं तर मी तिथेच उतरून चालत घरी जायला हवं होतं. पण मी विचारलं, गावाला नुसतं हवेचं आणि स्पॉयलरचं का सांगत होता मग. सर गाडी वळवत म्हणाले, बायकोसाठी करून राह्यलो असं सांगतलं असतं तं लोकायनं हसून मारलं असतं.

दुसऱ्याच रविवारी ती दोघं गेली. वहिनींनी चांगलं लुगडं नेसलं होतं, वर सरांचा कोट घातला होता. मी त्यांच्या हातात ओल्या फडक्याची घडी दिली, तोंडाला लावायला. त्यांनी ती घेतली आणि सरांचं लक्ष नसताना सीटखाली ठेवली. पाट बसवलेली ती गाडी वळणावरून दिसेनाशी झाली आणि मी दिवसभर वह्या समोर घेऊन एकही तपासली नाही.

पुढचं आधी सांगून टाकते. त्या हिवाळ्यात ती दोघं आसेगावला पुन्हा पुन्हा गेली. म्हातारीने लेकीचा आवाज मनसोक्त ऐकला, तिच्या हातचं खाल्लं, खाटेशी आणून लावलेल्या जावयाच्या गाडीला हात लावून बघितला आणि ही खाट कोणाची असं विचारलं. उन्हाळ्यात ती गेली तेव्हा वहिनी तिच्याजवळ होत्या. त्या पाटाचं गावात नाव झालं. हेडमास्तरांनीसुद्धा स्टाफरूममध्ये सांगितलं की आपण स्पॉइल या शब्दाचा अर्थ थोडा संकुचित घेतला होता.

पण मला सांगायची आहे ती त्या पहिल्या रविवारची संध्याकाळ.

दिवस मावळायच्या आत गाडी परत आली. मी धावत अंगणात गेले. सर उतरले ते जवळजवळ उडी मारून. वहिनी सावकाश उतरल्या, हसत होत्या, पदरात तुरीच्या शेंगा होत्या. छान झालं सगळं, म्हणाल्या, आई भेटली. आळीतली माणसं जमली होती. सरांनी लगेच सगळ्यांना गाडीमागे नेलं.

थोड्या वेळाने वहिनी मागच्या दाराने माझ्या स्वयंपाकघरात आल्या. जमिनीवर बसल्या, भिंतीला पाठ टेकली, आणि हाताने मला खूण केली की थांबा. मग मला ऐकू आलं. छातीत बारीक शीळ वाजत होती. मी घाबरले. त्या म्हणाल्या, काही नाही, उतरतं आहे, गोळी घेतली. फक्त थोडा अडुळसा उकळून द्या. "घरी उकळला तं वास येते, बाई. त्यायले समजते."

मी पातेलं ठेवलं. वहिनी थांबत थांबत सांगत होत्या. जाताना काही झालं नव्हतं. आईने आवाजावरून ओळखलं, चेहरा चाचपला. पण येताना कच्च्या रस्त्यावर समोरून कापसाच्या गाड्यांची रांग लागली, आणि समोरून आलेल्या धुळीला पाट काय करणार. छाती भरून आली. तोंडाने श्वास घ्यावा लागला तर सरांना ऐकू जाणार, आणि ऐकलं तर ते पुन्हा न्यायचे नाहीत.

"मंग काय केलं?" मी विचारलं.

"मंग मी म्हनलं, हा पाट काम कसं करते ते समजून सांगा मले." वहिनी हसल्या, आणि हसताना पुन्हा शीळ वाजली. "कारंज्यापावेतो सांगत होते. मले फकस्त मान हालवायची होती."

मी काढा गाळून पेला त्यांच्या हातात दिला. त्यांनी दोन्ही हातांनी तो धरला. बाहेर अंगणात सर कोणाला तरी सांगत होते की खुद्द दम्याचं माणूस नेलं आणि आणलं, साधा खोकलासुद्धा नाही. वहिनी पेला तोंडाशी धरून ऐकत होत्या. मग त्यांना उबळ आली, मी उठले आणि दार लोटून घेतलं.